शहराचा आराखडा, राज्याची सही

कर्वेनगरहून वारजे माळवाडी, तिथून शिवणे, उत्तमनगर आणि पुढे कोंढवे धावडे असा जाणारा रस्ता जेमतेम काही किलोमीटरचा आहे. पण त्याच्या दोन्ही अंगांच्या जमिनींवर काय उभे राहणार, हे एका ठिकाणी कधीच ठरले नाही. वारजे १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले. शिवणे आणि उत्तमनगर २०१७ मध्ये आले, तर कोंढवे धावडे, कोपरे आणि खडकवासला आणखी वीस गावांसह जून २०२१ च्या अखेरीस आले. या शेवटच्या २३ गावांच्या बाबतीत राज्य सरकारने पंधरा दिवसांतच एक चमत्कारिक निर्णय घेतला. गावे महापालिकेची झाली, पण त्यांचे नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे पीएमआरडीएची, नेमणूक झाली. पाणी, कचरा, सांडपाणी, गल्लीतला दिवा ही सगळी जबाबदारी महापालिकेकडे आली. कुठे किती मजले चढतील, कुठे बाग होईल आणि कुठे रस्ता जाईल, हे मात्र मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचे प्राधिकरण ठरवणार होते. शहराच्या जमिनीचा वापर कोणी ठरवावा हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात रुक्ष वाटतो. या रस्त्यावर त्याचा अर्थ नळाला येणाऱ्या पाण्यात आणि चौकातल्या कोंडीत रोज दिसतो.

विकास आराखडा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला डीपी, हा शहराच्या प्रत्येक इंच जमिनीबद्दलचा पुढच्या वीस वर्षांचा निर्णय असतो. तो जमिनीचे निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती आणि हरित असे विभाग पाडतो. शाळा, दवाखाना, मैदान, भाजी मंडई, अग्निशमन केंद्र यांसाठी भूखंड राखून ठेवतो आणि रस्त्यांच्या रुंदीच्या रेषा आखतो. त्याच्या जोडीला असलेली विकास नियंत्रण नियमावली भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, म्हणजे एफएसआय किती, हे सांगते. कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम पुढे इथल्या माळावर आला, तेव्हा ही जागा गावाबाहेरची, ओसाड म्हणावी अशी होती. आज तिथे शिक्षणसंस्थांच्या भोवती सोसायट्या, वस्त्या, दुकाने, वसतिगृहे यांची दाट वीण आहे. एका बाजूला वनदेवीची टेकडी आहे, तर दुसऱ्या बाजूला मुठा. टेकडी आणि नदी यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्ट्यात एखादे मैदान राखले गेले की नाही, नदीकाठच्या हरित पट्ट्यात मंगल कार्यालये उभी राहिली की नाही, म्हात्रे पुलाकडून येणारा डीपी रस्ता पुढे सलग झाला की नाही, यावर हजारो कुटुंबांचे रोजचे जगणे अवलंबून आहे.

हे निर्णय घेण्याची महाराष्ट्रातली पद्धत १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने घालून दिली आहे. या कायद्यात महापालिकेला नियोजन प्राधिकरण म्हटले आहे. ती आराखडा तयार करते, मुख्य सभेच्या मान्यतेने प्रसिद्ध करते, नागरिकांच्या हरकती-सूचना मागवते आणि नियोजन समितीकडून सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात, आणि नगररचना संचालक, म्हणजे राज्याचे अधिकारी, आणखी चारपर्यंत तज्ज्ञ नेमू शकतात. एवढे सगळे झाल्यावर आराखडा मुंबईला जातो. कलम ३१ प्रमाणे राज्य सरकार तो मंजूर करते, बदलून मंजूर करते किंवा नाकारते. मंजुरीनंतरही राज्याचा हात सुटत नाही. कलम ३७ खाली एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलायचे तर अंतिम सही राज्याची असते. याच कलमात नंतर घातलेल्या पोटकलमाने राज्य आपणहूनही फेरबदल सुरू करू शकते. कलम १५४ खाली राज्य देईल ते निर्देश महापालिकेवर बंधनकारक असतात. थोडक्यात, आराखडा शहर काढते आणि त्याची मालकी राज्याकडे राहते.

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान दिले. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यातला पहिलाच नगर नियोजन आहे, आणि दुसरा जमिनीच्या वापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन. घटनादुरुस्ती करणाऱ्या संसदेने या यादीच्या शिरोभागी नेमके हेच दोन विषय ठेवले याला अर्थ आहे. शहराच्या हातात जमिनीचा वापर नसेल तर पाणी, रस्ते आणि कचरा या उरलेल्या विषयांत ते दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयांची निस्तरणी करणारे खाते बनते. पण अनुच्छेद २४३-डब्ल्यूने हे अधिकार राज्य विधिमंडळ 'देऊ शकेल' असे म्हटले, 'देईल' असे म्हटले नाही. त्या सवलतीचा फायदा घेऊन महाराष्ट्राने १९६६ ची रचना जवळपास तशीच ठेवली. दुरुस्ती होऊन तीन दशके उलटली, तरी शहराच्या आराखड्यावरची शेवटची सही मंत्रालयातच होते.

म्हणून जमिनीच्या वापराचा नकाशा ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या महापालिकेकडे पूर्णपणे यावा असे माझे म्हणणे आहे. राज्याने त्या नकाशाच्या मर्यादा आखाव्यात, त्या पाळल्या गेल्या की नाही हे तपासावे, पण स्वतः पेन्सिल हातात घेऊ नये. जी संस्था निर्णयाचे परिणाम भोगते, त्यासाठी खर्च करते आणि ज्यांच्यावर ते परिणाम होतात त्यांच्यासमोर मतांसाठी उभी राहते, तिनेच निर्णय घ्यावा, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे. वरच्या संस्थेने फक्त ते पाहावे जे खालच्या संस्थेला दिसत नाही किंवा तिच्या हद्दीत मावत नाही. हे तत्त्व मोडल्यावर काय होते, याचे पुरावे शोधायला पुण्याबाहेर जावे लागत नाही.

पहिला पुरावा काळाचा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आधीचा आराखडा राज्याने १९८७ मध्ये मंजूर केला. पुढचा आराखडा २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठी होता. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तोच २०१३ मध्ये. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. सुनावणी झाली, पण समितीतले नगरसेवक आणि तज्ज्ञ यांच्या शिफारशी वेगवेगळ्या निघाल्या, मुख्य सभेत चर्चा लांबली आणि मुदत टळली. मार्च २०१५ मध्ये राज्याने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि विभागीय आयुक्त एस. चोक्कलिंगम यांच्या अध्यक्षतेखाली तीन अधिकाऱ्यांची समिती नेमली. समितीने त्याच वर्षी अहवाल दिला. प्रारूपातली शेकडो आरक्षणे तिने वगळली. राज्याची मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये आली, म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा वर्षे मंजुरीतच सरली. या विलंबाचा सगळा दोष राज्यावर टाकता येणार नाही. महापालिकेचा त्यात मोठा वाटा आहे. पण ज्या सभेला शेवटचा शब्द आपला नाही हे ठाऊक असते, तिला वेळेत आणि जबाबदारीने निर्णय घेण्याचे कारण उरत नाही. नगरसेवक म्हणतात, आम्ही ठरवले तरी मुंबईत बदलेल. मुंबईतले म्हणतात, पुण्याने वेळेत ठरवले नाही. ८७ हजार हरकती घेऊन आलेल्या नागरिकांना जाब विचारायला कोणीच सापडत नाही.

या विलंबाची किंमत जमिनीवर मोजावी लागते. मंजूर आराखड्यातली आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. आराखडा रेंगाळला की जुनी आरक्षणे गळू लागतात, नव्यांना कायद्याचे बळ नसते आणि त्या मधल्या काळात जमीन वाट पाहत बसत नाही. तिथे पत्र्याची शेड येते, मग पक्के बांधकाम, मग वस्ती. मग आरक्षण राबवायचे म्हणजे माणसांना उठवायचे, आणि न राबवायचे म्हणजे मैदान कायमचे सोडून द्यायचे. शिवणे ते खराडी हा नदीकाठचा रस्ता कर्वेनगरच्या अंगाने जातो. भूसंपादनाअभावी तो वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांत अडकून पडला. कागदावरची रेषा आणि जमिनीवरचा ताबा यांच्यात जितकी वर्षे जातात, तितका रस्ता महाग होतो आणि कधी कधी अशक्यही होतो.

दुसरा पुरावा सचोटीचा आहे, आणि तो महत्त्वाचा, कारण अधिकार राज्याकडे ठेवण्याच्या बाजूने नेहमी हेच सांगितले जाते की वरचे सरकार स्थानिक हितसंबंधांपासून दूर असते. एरंडवण्यात प्रभात रस्त्यावरचा एक भूखंड १९८७ च्या आराखड्यात प्राथमिक शाळेसाठी राखीव होता. नव्वदच्या दशकात राज्य सरकारच्या आदेशावरून महापालिकेने फेरबदलाची प्रक्रिया केली, आरक्षण हलवले गेले आणि तिथे बहुमजली निवासी इमारत उभी राहिली. बांधकामाशी तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या जावयाचा संबंध होता. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा फेरबदल बेकायदा ठरवला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. या प्रकरणातली व्यक्ती आणि पक्ष बाजूला ठेवून यंत्रणेकडे पाहावे. शहराने राखलेली शाळेची जागा वरून आलेल्या एका निर्देशाने जाऊ शकली, कारण कायद्याने तसा हात वर ठेवला होता. मंत्रालयात निर्णय बंद फाइलवर होतो. तिथे हरकत घ्यायला शेजारच्या सोसायटीतले लोक जाऊ शकत नाहीत, आणि झालेला निर्णय कळायलाही वेळ लागतो. अंतर वाढले की दबाव कमी होतो, हे गृहीतक या अनुभवापुढे टिकत नाही. फक्त ज्यांना मुंबईपर्यंत पोहोचता येते त्यांचाच दबाव उरतो.

तिसरा पुरावा २३ गावांचा. पीएमआरडीएची स्थापना मार्च २०१५ मध्ये झाली. तिचे क्षेत्र सुमारे सात हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे मावळच्या डोंगरापासून शिरूरच्या माळापर्यंत. जुलै २०२१ मध्ये तिने या संपूर्ण क्षेत्राचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यात महापालिकेत नुकतीच आलेली ही गावेही होती. हजारो हरकती आल्या, वाद न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. दरम्यान बांधकामे थांबली नव्हती. सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी, वाघोली या भागांत इमारतींना प्राधिकरणाकडून परवानग्या मिळत होत्या, त्यापोटीचे शुल्क प्राधिकरणाकडे जमा होत होते, आणि तिथे राहायला आलेले लोक पाण्यासाठी महापालिकेच्या दारात उभे होते. किती घरांना परवानगी द्यायची हे ज्याला ठरवायचे आहे, त्याला किती पाणी द्यावे लागेल याची चिंता नसेल, तर परवानगी आणि पाणी यांचा मेळ बसणार कसा? प्राधिकरणातले अधिकारी अकार्यक्षम होते असे म्हणण्याची गरज नाही. परवानगीचा अधिकार आणि पाण्याची जबाबदारी तोडून दोन घरांत ठेवली, तर उत्तम अधिकाऱ्यांकडूनही हेच घडेल.

चौथी गोष्ट नियमावलीची. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळून जवळजवळ संपूर्ण महाराष्ट्रासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. तिचे फायदे खरे आहेत. गावागावांतले परस्परविरोधी नियम गेले, व्याख्या एकसारख्या झाल्या आणि परवानगीतली मनमानी कमी होण्याची सोय झाली. पण त्याच झटक्यात पुण्यासारख्या शहराने आपल्या कोणत्या भागात किती घनता पेलवेल हे ठरवण्याचा अवकाशही आक्रसला. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या वर्तुळात चारपर्यंत एफएसआय देण्याचे धोरणही राज्याच्या मंजुरीने आले. नळ स्टॉप ते वारजे आणि पुढे माणिकबाग असा मेट्रोचा नवा मार्ग आता कर्वेनगरच्या दारात येतो आहे. मेट्रोभोवती दाट वस्ती असावी हे नियोजनदृष्ट्या योग्यच आहे. त्यामुळे लोक गाडी घरी ठेवतात आणि शहर बाहेर पसरत नाही. पण कुठल्या चौकाजवळ रस्ता आणि मलवाहिनी हा भार पेलतील, कुठल्या वस्तीतल्या भाडेकरूंना आधी संरक्षण द्यावे लागेल, टेकडीच्या पायथ्याशी हे वर्तुळ कुठे थांबवावे, या प्रश्नांची उत्तरे कंपास फिरवून मिळत नाहीत. त्यांना वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयातल्या अभियंत्याचे ज्ञान आणि तिथल्या रहिवाशांचे म्हणणे लागते.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यांत मोठा आक्षेप असा की नगरसेवक बांधकाम व्यावसायिकांच्या प्रभावाखाली असतात, आणि अधिकार त्यांच्याकडे दिले तर मोकळी जागा उरणार नाही. या भीतीला आधार आहे. कर्वेनगरच्या समोरच्या तीरावर विठ्ठलवाडीपासून महामार्गापर्यंत महापालिकेनेच नदीपात्रात, निळ्या पूररेषेच्या आत, रस्त्याचे काम केले होते. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो रस्ता पूररेषेबाहेर न्यायला सांगितला. म्हणजे शहर आपल्या नदीशी नेहमी नीट वागते असा दावा कोणी करू नये. पण दुसऱ्या बाजूचे उदाहरणही तितकेच ठळक आहे. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांमधल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकण्याचा ठराव पुण्याच्या मुख्य सभेने २००५ मध्ये केला. त्यामागे शहरातल्या नागरिकांची आणि वंदना चव्हाण यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींची चिकाटी होती. राज्याची मंजुरी यायला ऑगस्ट २०१५ उजाडला. टेकड्या वाचवण्याची इच्छा इथे शहराने आधी दाखवली आणि दहा वर्षे लावली ती वरच्या पातळीने. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली तर दिसते की चांगुलपणा एका पातळीला बांधलेला नसतो. शहर चुकते, तेव्हा ते सभेत, वर्तमानपत्रांसमोर, ठरावाच्या मतदानात चुकते, आणि पाच वर्षांनी मतदाराला त्याचा हिशोब मागता येतो. पूररेषेच्या प्रकरणात नदी वाचवली तीही न्यायाधिकरणाने आणि जागरूक नागरिकांनी, मंत्रालयाच्या सहीने नव्हे. चुकीवर उपाय म्हणून न्यायालय, न्यायाधिकरण आणि मतपेटी हवीच. प्रत्येक निर्णय वर नेणे हा त्या चुकीवरचा उपाय ठरत नाही.

दुसरा आक्षेप क्षमतेचा. महापालिकांकडे पुरेसे नगररचनाकार नाहीत, भूमापन अद्ययावत नाही, आराखडा करायला राज्याच्या नगररचना खात्यातून अधिकारी प्रतिनियुक्तीवर आणावे लागतात, हे सगळे खरे आहे. पण हे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करणारे म्हणणे आहे. ज्या संस्थेला अंतिम अधिकार कधी दिलाच नाही, तिने त्यासाठी कायमचा तज्ज्ञवर्ग उभा का करावा? पाणीपुरवठा, रस्ते आणि पूल यांची जबाबदारी महापालिकेवर पडली तशी तिने त्या त्या खात्यात अभियंते घडवले. पुण्यासारख्या, क्षेत्राने राज्यातल्या सर्वांत मोठ्या महापालिकांत मोडणाऱ्या संस्थेला स्वतःचा सक्षम नियोजन विभाग परवडत नाही, असे कोणी म्हणणार नाही. लहान नगरपरिषदांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना राज्याच्या खात्याने सल्लागार म्हणून मदत करावी. त्यासाठी मोठ्या शहरांचे हात बांधून ठेवायला नकोत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नदी, टेकड्या, वर्तुळाकार रस्ता, भूजल यांना महापालिकेची हद्द ठाऊक नसते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढला, तेव्हा कर्वेनगरच्या पलीकडे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी घरांत शिरले. धरण राज्याच्या जलसंपदा खात्याचे, घरे महापालिकेच्या हद्दीतली, आणि वरच्या अंगाला नदीकाठी भराव पडतो तो तिसऱ्याच हद्दीत. अशा गोष्टी एकट्या शहरावर सोडता येणार नाहीत हे मान्यच केले पाहिजे. पूररेषा राज्याने आखाव्यात, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. त्या हलवण्याचा अधिकार कोणत्याही महापालिकेला नसावा. टेकड्यांच्या उताराची मर्यादा, मोठे रस्ते, लोहमार्ग, जलस्रोत हेही प्रादेशिक पातळीवर ठरावेत. पण ती पातळी कोणती? घटनेने त्याचेही उत्तर दिले आहे. अनुच्छेद २४३-झेडईप्रमाणे महानगर नियोजन समितीतले किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. म्हणजे प्रदेशाचे नियोजन त्या प्रदेशातल्या लोकांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून करावे, अशी कल्पना आहे. महाराष्ट्राने त्यासाठी कायदाही केला. पण प्रत्यक्षात बळ, पैसा आणि अधिकार वळले ते मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाकडे. प्रादेशिक नियोजन आवश्यक आहे, यातून ते राज्य सरकारनेच करावे असा निष्कर्ष निघत नाही.

चौथा आक्षेप परदेशातल्या अनुभवातून येतो आणि त्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष जात नाही. स्थानिकांच्या हाती पूर्ण अधिकार दिले की आधी येऊन बसलेले लोक नंतर येणाऱ्यांसाठी दार लावतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शहरांनी दशकानुदशके मोठमोठ्या विभागांत एका भूखंडावर एकच घर असा नियम ठेवला. घरांचा तुटवडा आणि किमती इतक्या वाढल्या की २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाला कायदा करून तो नियम शिथिल करावा लागला. हा धोका पुण्यातही आहे. सोसायट्यांना शेजारी झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत नको असते, वसतिगृह नको असते, कचऱ्याचा प्रकल्प तर नकोच असतो. म्हणून मर्यादा ठरवण्याचे काम राज्याने सोडू नये. प्रत्येक शहराने आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांच्या घरांसाठी किमान किती जागा राखावी, दरडोई मोकळी जागा किती असावी, कोणत्या सार्वजनिक सोयी कोणत्याही प्रभागाने नाकारू नयेत, हे राज्याने कायद्याने बांधून द्यावे. जपानची पद्धत या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. तिथे वापर-विभागांचे प्रकार राष्ट्रीय कायद्याने ठरतात, सध्या ते १३ आहेत, आणि प्रत्येक प्रकारात काय चालेल हे देशभर एकच असते. पण कोणत्या भागाला कोणता प्रकार लावायचा, हे नगरपालिका ठरवते. मोठ्या महानगर क्षेत्रांत हा अधिकार पूर्वी प्रांतांकडे होता. विकेंद्रीकरणाच्या सुधारणांतून तो खाली आला. म्हणजे भाषा सामायिक असते आणि तिच्यातला मजकूर शहर लिहिते. आपल्या एकत्रित नियमावलीलाही ही भूमिका देता येईल, जर तिच्या तक्त्यांतून निवड करण्याचा अधिकार शहराकडे आला तर.

या सगळ्यातून कायद्यात करायचे बदल स्पष्ट होतात. कलम ३१ मधली राज्याची मंजुरी काढून तिच्या जागी मर्यादित तपासणी आणावी. पूररेषा, टेकड्या, प्रादेशिक रस्ते, दुर्बलांची घरे, मोकळ्या जागेचे प्रमाण यांच्याशी आराखडा विसंगत असेल तेवढाच भाग राज्याने ठरलेल्या मुदतीत, लेखी कारणे जाहीर करून, फेरविचारासाठी परत पाठवावा. मुदत टळली तर आराखडा मंजूर समजावा. ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगर नियोजन कायद्यापासून निर्णय स्थानिक संस्था करते. मंत्री एखादे प्रकरण आपल्याकडे घेऊ शकतो, पण तेव्हा निरीक्षकाची जाहीर चौकशी होते आणि कारणे प्रसिद्ध होतात. आपल्याकडेही कलम ३७ खाली एकेका भूखंडाचे आरक्षण राज्याने बदलण्याची वाट बंद व्हावी, आणि महापालिकेला असा बदल करायचा असेल तर मुख्य सभेत वाढीव बहुमत आणि जागेवर सुनावणी लागावी. महापालिका मुदत चुकवत असेल तर राज्याने आराखडा ताब्यात घेण्याऐवजी तिचे अनुदान रोखावे. अपयशाची शिक्षा संस्थेला व्हावी, नागरिकाच्या मताला नव्हे. आणि नियोजनाचा अधिकार ज्या महापालिकेकडे, त्याच हद्दीतली परवानगी आणि तिचे शुल्कही तिच्याकडेच असावे. गाव हद्दीत आले की त्याच दिवशी हे सगळे एकत्र यावे.

एक अट मात्र अपरिहार्य आहे. अधिकार शहराकडे द्यायचे म्हणजे शहराच्या प्रतिनिधींकडे द्यायचे. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे राज्याने नेमलेल्या प्रशासकाने मुख्य सभेचेही काम पाहिले. अशा काळात 'महापालिकेने ठरवले' याचा अर्थ राज्याच्या अधिकाऱ्याने ठरवले एवढाच उरतो. म्हणून सभागृह नसताना आराखडा किंवा त्यातला कोणताही फेरबदल अंतिम करता येणार नाही, असे कायद्यात लिहावे लागेल. तसेच अधिकार शहराच्या मुख्य इमारतीत येऊन थांबले तर मुंबईऐवजी शिवाजीनगर एवढाच फरक पडेल. २०२१ मध्ये पुण्याची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. इतक्या मोठ्या शहरात कर्वेनगरसाठी महापालिकाही दूरची असते. महाराष्ट्राने २००९ मध्येच क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात आणली, पण त्या प्रत्यक्षात भरल्या नाहीत. आराखड्याचा प्रभागापुरता मसुदा आधी क्षेत्रसभेत मांडला गेला, तिथल्या आक्षेपांना लेखी उत्तर दिल्याशिवाय तो पुढे गेला नाही, तर हरकती ८७ हजारांवर जाण्याआधीच बरेच वाद जागच्या जागी मिटतील.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचे लक्ष्यवर्ष २०२७ आहे. त्यापुढच्या वीस वर्षांचा विचार आता सुरू करायचा आहे, आणि तो विचार जुन्याच पद्धतीने झाला तर काय होईल हे २००७ ते २०१७ या दशकाने दाखवले आहे. पुण्याच्या आमदारांनी ज्या विधानसभेत हा कायदा बदलायचा, तिथेच त्यांना अडचणही वाटेल, कारण नगरविकास खात्याच्या फाइलवरचा अधिकार कोणतेच सरकार आनंदाने सोडत नाही. म्हणून ही मागणी शहरांतून, एकत्र, यायला हवी. नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर या सगळ्यांचा प्रश्न हाच आहे. महापालिकेच्या प्रत्येक उमेदवाराला मतदारांनी पाणी आणि खड्डे यांच्याबरोबर हेही विचारावे की आमच्या जमिनीचा नकाशा तुमच्याकडे यावा यासाठी तुम्ही काय करणार आहात, आणि तो आला तर कोणते मैदान तुम्ही कोणत्याही परिस्थितीत सोडणार नाही. ज्या नगरसेवकाला या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती नकाशा द्यायचा की नाही हे ठरवण्याची ताकद मतदाराकडे आहे. मंत्रालयातल्या फाइलीवर त्याची ती ताकद चालत नाही, आणि अधिकार शहराकडे यावा याचे माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठे कारण हेच आहे.